नवे यंत्र घ्यावे का?

(टीव्हीला जोडून खेळायचे गेम कन्सोल आता छोट्या गावांतील घरांतही दिसू लागले आहे. दर काही वर्षांनी या यंत्राची नवी पिढी बाजारात येते. मग जुने यंत्र ठेवावे, नवे घ्यावे की दुसऱ्याच कंपनीचे घ्यावे, असा प्रश्न मुलांना पडतो. हा निर्णय हिशेबाने कसा घ्यावा, हे प्रस्तुत पाठात राजुऱ्यातील एका कल्पित कुटुंबाच्या निमित्ताने सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'हल्ली' हा मराठी शब्द तुम्ही रोज ऐकता. 'हल्ली तो दिसत नाही', 'हल्ली भाव फार वाढले', असे आपण सहज बोलतो. हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. तुमच्या उर्दूतील 'हाल', 'हालिया', 'फिलहाल' हे शब्द त्याच्याच कुळातले. हल्ली म्हणजे सध्या, चालू काळात.

आपल्या राजुऱ्यात एके काळी हाच शब्द लोकांच्या खिशात खुळखुळत असे. राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. संस्थानाचे नाणे वेगळे होते. त्याला 'हाली सिक्का' म्हणत. हाली सिक्का म्हणजे चालू नाणे. वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेले की मात्र इंग्रज सरकारचा 'कलदार' रुपया लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. पुढे सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर धरून हाली सिक्का हळूहळू मागे घेण्यात आला. १९५९ पर्यंत तो चलनातून गेला. त्याच वर्षी राजुरा तालुका चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. ज्या नाण्याचे नावच 'चालू' होते, तेही असे बंद पडले.

नाणे बदलले, पण ज्याच्याकडे सत्तर हाली रुपये होते, त्याच्या हाती साठ भारतीय रुपये आले. त्याची शिल्लक बुडाली नाही. जुने सोडून नव्याकडे जाताना हाच प्रश्न महत्त्वाचा असतो. जुन्यातले किती आपल्याबरोबर येईल आणि किती मागे राहील? गेम कन्सोल बदलू पाहणाऱ्या मुलालाही हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.

समजा, राजुऱ्यात एक घर आहे. अब्बू कोळशाच्या खाणीत नोकरीला आहेत. आपा चंद्रपूरच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकते. धाकटा भाऊ नववीत आहे. त्याच्याकडे 'प्लेस्टेशन ४' हे यंत्र आहे. नागपूरच्या मामूंनी ते वापरून झाल्यावर त्याला दिले. त्याच मोहल्ल्यात त्याच्या दोन मित्रांकडेही तेच यंत्र आहे. तिघे मित्र वर्षाकाठी एकेक डिस्क विकत घेतात आणि ती आळीपाळीने खेळतात. एकाच्या पैशात तिघांचा खेळ होतो.

एक दिवस बल्लारपूरचा मामेभाऊ घरी आला. त्याने 'एक्सबॉक्स सिरीज एस' हे दुसऱ्या कंपनीचे नवे यंत्र घेतले होते. तो त्याचे फार कौतुक करत होता. तो गेल्यावर धाकट्याचे मन अभ्यासातही लागेना आणि जुन्या खेळातही लागेना.

"आपा, माझ्याकडे ईदीचे आणि बक्षिसाचे मिळून अठरा हजार रुपये साठले आहेत. बाकीचे अब्बूंकडे मागू का?"

"मागण्याआधी काय मागायचे ते तरी ठरव," आपा म्हणाली. "नवे प्लेस्टेशन हवे की एक्सबॉक्स?"

"जे नवे असेल ते!"

आपा हसली. "नवे तर तुझे हे यंत्रही होते. २०१३ साली ते बाजारात आले, तेव्हा लोक त्यासाठी रांगा लावत होते. वही आण. आपण हिशेब मांडू."

आपाने वहीत चार प्रश्न लिहिले. जुने काय चालेल? एकूण खर्च किती? खेळ घरात येणार कसा? आणि खेळणार कोणाबरोबर? हे चार प्रश्न आपणही क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न जुन्या खेळांचा. १९८३ साली जपानच्या निंटेंडो कंपनीने 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र विकायला काढले. त्याच्यासारखी नक्कल यंत्रे १९९० च्या दशकात आपल्या देशातही खूप विकली गेली. त्यात खेळाची एक प्लास्टिकची पेटी खोचावी लागे. तिला सगळे 'कॅसेट'च म्हणत. १९९० साली त्याच कंपनीचे पुढचे यंत्र आले, तेव्हा जुन्या कॅसेटी त्यात चालत नव्हत्या. ज्यांनी नवे यंत्र घेतले, त्यांना खेळही नव्याने घ्यावे लागले.

सोनी कंपनीने पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आणले. त्यात खेळ सीडीवर मिळत. २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्ये या जुन्या सीडीही चालत. हे दुसरे यंत्र जगभर पंधरा कोटींहून अधिक विकले गेले आणि त्याचे उत्पादन थेट २०१३ पर्यंत चालू राहिले. २००६ साली प्लेस्टेशन ३ आले. त्याच्या सुरुवातीच्या काही यंत्रांत जुन्या यंत्राचा भागच आत बसवलेला होता. म्हणून त्यांत प्लेस्टेशन २ चे खेळ चालत. पुढे खर्च कमी करण्यासाठी तो भाग काढून टाकण्यात आला. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये तर प्लेस्टेशन ३ च्या डिस्क मुळीच चालल्या नाहीत.

असे का होते? यासाठी आपल्याच भाषांचे उदाहरण घेऊ. 'दुकान' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. तो उर्दू लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिला आणि फक्त देवनागरी जाणणाऱ्या माणसाला दाखवला, तर शब्द ओळखीचा असूनही त्याला तो वाचता येणार नाही. कन्सोलचेही तसेच आहे. खेळ म्हणजे यंत्रासाठी लिहिलेल्या लाखो सूचना असतात. यंत्रातील प्रोसेसर त्या सूचना वाचतो. प्लेस्टेशन ३ आणि प्लेस्टेशन ४ यांचे प्रोसेसर वेगळ्या घडणीचे होते, जणू त्यांची लिपीच वेगळी होती. त्यामुळे जुन्या सूचना नव्या यंत्राला वाचता आल्या नाहीत. प्लेस्टेशन ४ आणि २०२० चे प्लेस्टेशन ५ यांच्या प्रोसेसरची घडण मात्र एकाच जातीची आहे. म्हणून जुन्या यंत्राचे बहुतेक सर्व खेळ नव्यावर चालतात.

"म्हणजे माझ्या डिस्क वाया जाणार नाहीत!" धाकटा आनंदला.

"थांब," आपा म्हणाली. "डिस्क चालायला यंत्राला डिस्क घालायची जागा हवी. प्लेस्टेशन ५ चे दोन प्रकार निघाले. एकात डिस्क घालता येते, दुसऱ्यात नाही. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या बांधणीच्या यंत्राला डिस्कचा भाग वेगळा विकत घेऊन जोडता येतो, पण त्याचे पैसे वेगळे. आणि भाईजानच्या एक्सबॉक्समध्ये तर डिस्कला जागाच नाही. असती तरी तुझ्या डिस्क दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालल्या नसत्या."

"आणि माझे दोन कंट्रोलर?"

"ते नव्या प्लेस्टेशनवर जुने खेळ खेळायला चालतील. नव्या पिढीचे खेळ खेळायला चालणार नाहीत. तुझी सात हाली रुपयांची शिल्लक एका यंत्रात सहा रुपयांना जाते, दुसऱ्यात तिला काहीच भाव नाही."

दुसरा प्रश्न खर्चाचा. दुकानात फक्त यंत्राची किंमत लिहिलेली असते. घरात मात्र पूर्ण खर्च येतो. भारतात एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आले. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. डिस्क चालणाऱ्या प्रकाराची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्क नसलेल्याची ३९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये या किमती प्रत्येकी पाच हजारांनी वाढल्या. बऱ्याच मोठ्या नव्या खेळांची किंमत तेव्हा ४,९९९ रुपये होती.

आपाने वहीत बेरीज केली. यंत्राचे २०२२ च्या भावाने ५४,९९० रुपये. पाच वर्षांत पाच नवे खेळ घेतले, तर त्यांचे २४,९९५ रुपये. दोन्ही मिळून ७९,९८५ रुपये. इंटरनेटवरून मित्रांशी खेळायचे असेल, तर बऱ्याच खेळांसाठी कंपनीची वर्गणी भरावी लागते. ती यात धरलेलीच नाही.

"प्लेस्टेशन ४ नंतर पुढची पिढी सात वर्षांनी आली," आपा म्हणाली. "सात वर्षे म्हणजे चौऱ्याऐंशी महिने. भागाकार कर."

धाकट्याने भागाकार केला. "महिन्याला सुमारे ९५२ रुपये."

"तुझे अठरा हजार या रकमेचा चौथा हिस्साही नाहीत. बाकीचे अब्बूंच्या पगारातून येतील. ते देतीलही. पण किती मागतो आहोत, हे मागणाऱ्याला माहीत असावे."

तिसरा प्रश्न खेळ घरात आणण्याचा. डिस्क नसलेल्या यंत्रात प्रत्येक खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. मोठा खेळ पन्नास ते शंभर जीबी भरतो. ज्या घरात वायफाय नाही आणि मोबाइलवर रोज दोन जीबी मिळतात, तेथे साठ जीबीचा एक खेळ उतरवायला तीस दिवस लागतील. त्या तीस दिवसांत आपाला अभ्यासाचे व्हिडिओ पाहायला आणि अम्मीला खालाशी बोलायला काहीच उरणार नाही. शिवाय एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये सुरुवातीला ५१२ जीबी साठवण होती. त्यातली खेळांसाठी मोकळी जागा सुमारे ३६४ जीबी. म्हणजे साठ जीबीचे सहाच खेळ मावतात. सातवा हवा असेल तर एक पुसावा लागतो आणि तो पुन्हा हवा झाला की पुन्हा उतरवावा लागतो.

आणखी एक फरक आहे. डिस्क ही वस्तू आहे. ती मित्राला देता येते, बदलून घेता येते, विकता येते. उतरवून घेतलेला खेळ तुमच्या खात्याला बांधलेला असतो. तो दुसऱ्याला विकता येत नाही. कंपनी बदलली तर तो खेळही तेथेच राहतो आणि त्यात तुम्ही गाठलेला टप्पाही बहुधा तेथेच राहतो.

येथे धाकटा गप्प झाला. त्याच्या कपाटात नऊ डिस्क होत्या. त्यांतल्या तीनच त्याच्या स्वतःच्या होत्या. बाकीच्या सहा दोघा मित्रांच्या होत्या. त्याच्या काही डिस्क त्यांच्या घरी होत्या. आपण डिस्क नसलेले यंत्र घेतले, तर या देवघेवीचे काय होणार, हा विचार त्याच्या मनात प्रथमच आला.

चौथा प्रश्न तोच होता. खेळणार कोणाबरोबर? पूर्वी एका कंपनीचे यंत्र असलेल्या मुलाला दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या मुलाशी इंटरनेटवरून खेळता येत नसे. सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने 'फोर्टनाइट' या खेळासाठी ही भिंत उघडली. २०१९ च्या अखेरीस 'माइनक्राफ्ट'साठीही प्लेस्टेशनवर अशी सोय झाली. आज कित्येक खेळांत ती आहे, पण सर्व खेळांत नाही. म्हणून 'आपण तिघे जे खेळतो, त्यात ही सोय आहे का?' असे नाव घेऊन विचारावे. मोघम विचारू नये.

"पण आपा, मी नवे प्लेस्टेशन घेतले तर? त्यात त्यांच्या डिस्क चालतील ना?"

"चालतील. त्यांच्या डिस्क तुझ्याकडे चालतील, पण तू घेतलेल्या नव्या पिढीच्या डिस्क त्यांच्या यंत्रात चालणार नाहीत. तू घेत राहशील आणि देऊ शकणार नाहीस. मैत्रीत असे किती दिवस चालेल?"

धाकट्याजवळ याचे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मग मी मागेच राहायचे का? सगळे नवे खेळ तर नव्या यंत्रावरच येणार."

हा प्रश्न खरा आहे. 'थांबलो तर काय हुकेल?' याचाही हिशेब करावा लागतो. नवी पिढी आली म्हणजे जुन्या यंत्रावरचे खेळ दुसऱ्या दिवशी थांबत नाहीत. प्लेस्टेशन ५ आल्यानंतर एक-दोन वर्षांनीही 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' हे २०२२ सालचे मोठे खेळ दोन्ही पिढ्यांसाठी निघाले. ज्यांनी पहिल्या दिवशी धाव घेतली, त्यांनाही तेच खेळ मिळाले आणि जे थांबले, त्यांनाही तेच मिळाले. चित्र नव्या यंत्रावर अधिक रेखीव दिसते आणि खेळ लवकर सुरू होतो, हे मात्र खरे.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहा. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ तयार केला. प्राचीन भारतातील एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघते, अशी त्याची कथा आहे. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निंटेंडो स्विचवर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवर आला. नवी पिढी बाजारात यायला तेव्हा एकच महिना उरला होता. तरीही तो जुन्या यंत्रांवरच आला आणि देशोदेशीच्या लोकांनी खेळला. ज्यांनी पुढे नवे यंत्र घेतले, त्यांनाही तो खेळता आला. चांगल्या खेळाला नवेच यंत्र लागते असे नाही.

मात्र थांबण्यालाही मर्यादा असते. काही वर्षांनी खेळ बनवणारे जुन्या यंत्रासाठी खेळ काढणे थांबवतात. तेव्हापासून जुने यंत्र फक्त जुन्या खेळांचे राहते. पूर्वी असे म्हणत की, थांबले की यंत्र स्वस्त होते. प्लेस्टेशन २ च्या काळी तसेच होई. आता तेही खात्रीचे राहिले नाही. भारतात २०२२ साली किमती वाढल्या, हे आपण पाहिलेच. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ ची किंमत वाढवण्यात आली. म्हणून 'नंतर स्वस्त मिळेल' एवढ्याच आशेवर थांबू नये. थांबण्याचे कारण दुसरे काही असेल, तरच थांबावे.

संध्याकाळी अब्बू खाणीवरून आले. धाकट्याने वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून चारही प्रश्न वाचले.

"बेटा, खाणीत नवे यंत्र आले की आम्ही आधी एकच विचारतो," ते म्हणाले. "जुन्याचे सुटे भाग याला बसतात का? बसत नसतील तर नवे यंत्र एका दिवसात येते, पण गोदामातले जुने सामान भंगारात जाते. तुझे सामान म्हणजे या डिस्क आणि ते दोघे मित्र. त्यांना विचारलेस का?"

"नाही, अब्बू. तुम्ही सांगाल तसे करतो."

"मी सांगणार नाही. पैसे कमी पडले तर मी पाहीन. पण निर्णय तू घे आणि त्यांना विचारून घे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिघे मित्र शाळेच्या अंगणात बसले. त्यातल्या एकाने सांगितले, "माझ्या घरी दोन वर्षे तरी नवे यंत्र येणार नाही. तू घेतलेस तर घे, आम्ही नाराज होणार नाही." हे ऐकून धाकट्याला उलट जास्तच वाईट वाटले. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी तिघांनी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, दहावीची परीक्षा होईपर्यंत कोणीही यंत्र बदलायचे नाही. दुसरी, पुढे जो कोणी पहिला नवे यंत्र घेईल, त्याने त्याच कंपनीचे आणि डिस्क चालणारे घ्यायचे. तिसरी, जो खेळ दोन्ही पिढ्यांसाठी निघतो, त्याची जुन्या यंत्राची डिस्क घ्यायची. ती तिघांच्याही घरी चालेल.

धाकट्याने अठरा हजार रुपये पोस्टातील खात्यात ठेवले. मामेभावाच्या घरी गेला की नव्या यंत्रावरचे चित्र पाहून अजूनही त्याचा जीव थोडा खालीवर होतो. पण आता आपल्याजवळ काय आहे, ते त्याला मोजता येते.

मित्रांनो, या मुलाचा निर्णय सर्वांनाच लागू पडेल असे नाही. एखाद्याचे जुने यंत्र बिघडले असेल, दुरुस्तीचा खर्च जास्त असेल, त्याच्याजवळ जुन्या डिस्क नसतील, घरी चांगले इंटरनेट असेल आणि त्याचे सगळे मित्र नव्या यंत्रावर गेले असतील, तर त्याने नवे घेणेच शहाणपणाचे ठरेल. मामेभावाचा निर्णयही चुकीचा नव्हता. त्याच्याकडे जुने काहीच नव्हते, त्यामुळे मागे राहण्यासारखेही काही नव्हते. प्रश्न सर्वांसाठी तेच असतात, उत्तरे मात्र घराघरांत वेगळी निघतात.

उद्या तुम्हाला मोबाइल, संगणक किंवा शिलाई यंत्रही बदलावे लागेल. त्या वेळी दुकानदार नव्या वस्तूचे गुण सांगेल. ते त्याचे कामच आहे. जुन्यातले काय बरोबर येईल, हे तो आपण होऊन सांगणार नाही. ते विचारणे हे आपले काम आहे. कारण आज जे 'हाली' आहे, ते हाली सिक्क्यासारखेच एक दिवस जुने होणार आहे.

शब्दार्थ

संस्थान – राजा किंवा नवाबाच्या ताब्यातील राज्य, रियासत
चलन – व्यवहारात चालणारे नाणे व नोटा
शिल्लक – उरलेली रक्कम, बचत
वर्षाकाठी – दर वर्षी
आळीपाळीने – एकामागून एक, बारी-बारीने
घडण – बनावट, रचना
मोघम – अस्पष्ट, नेमके नसलेले
देवघेव – देणे आणि घेणे, लेनदेन
रेखीव – स्पष्ट आणि सुंदर
जीव खालीवर होणे – मन अस्वस्थ होणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'हाली सिक्का' म्हणजे काय?
(२) राजुरा तालुका चांदा जिल्ह्याला कोणत्या वर्षी जोडला गेला?
(३) धाकट्याला जुने यंत्र कोणी दिले?
(४) 'राजी' हा खेळ कोणत्या शहरातील संस्थेने तयार केला?

प्रश्न २. कारणे द्या.
(१) प्लेस्टेशन ३ च्या डिस्क प्लेस्टेशन ४ मध्ये चालत नाहीत.
(२) नऊ डिस्क मोजताना धाकटा गप्प झाला.
(३) मामेभावाचा निर्णय चुकीचा नव्हता.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) आपाने वहीत लिहिलेले चार प्रश्न कोणते? त्यांतील तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा कोणता वाटतो आणि का?
(२) अब्बूंनी निर्णय स्वतः का दिला नाही, असे तुम्हाला वाटते?

प्रश्न ४. हिशेब करा.
(१) सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये या दराने ३५० हाली रुपयांचे किती भारतीय रुपये होतील?
(२) रोज दोन जीबी वापरता येत असतील, तर ९० जीबीचा खेळ उतरवायला किती दिवस लागतील?

प्रश्न ५. भाषाभ्यास.
(१) पुढील मराठी शब्दांशी नाते असलेले उर्दू शब्द लिहा : हल्ली, हिशेब, खिसा, फायदा, बाजार.
(२) 'दुकान' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी आहे. 'ते दुकान', 'मोठे दुकान' असे आपण म्हणतो. हा शब्द वापरून मराठीत तीन वाक्ये लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील एखादी वस्तू गेल्या काही वर्षांत बदलली असेल. तेव्हा जुन्यातले काय कामी आले आणि काय वाया गेले, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.